कपाटवाला

आमच्या दादाचा धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवतात, दादा त्यात प्लास्टर ओततो, मेणावर एकेक दात बसवतो, गुलाबी हिरड्या करतो आणि मी सगळं घासून चकचकीत करते. खिडकीजवळच्या फळीवर ठेवलेल्या कवळ्या दिवसभर आमच्याकडे बघून हसत असतात. घरात हसणारं तेवढंच. दादा मुळातच गंभीर, आणि माझं तोंड, त्याच्या मते, फक्त बडबडण्यासाठी आहे.

या माणसाने आयुष्यात एकाच गोष्टीला जीव लावला, ती म्हणजे पाच जणांचा एक वाद्यवृंद. एक गाणारी बाई, व्हायोलिनवाला, क्लॅरिनेटवाला, अकॉर्डियनवाला आणि सगळ्यांच्या मागे डबल बास वाजवणारा. डबल बास म्हणजे माणसाहून उंच, जाड तारांचं धूड. रेकॉर्डच्या वेष्टनावरच्या फोटोत हा गृहस्थ त्या धुडामागे अर्धा झाकलेला असायचा, म्हणून आम्ही त्याला कपाटवाला म्हणायचो. तो काय वाजवतो याकडे दादाचं कधी लक्ष नव्हतं. माझं तर नव्हतंच.

पहिला गेला क्लॅरिनेटवाला. बातमी वाचून दादाने पेपर घडी घालून ठेवला, रेकॉर्ड लावली आणि थोड्या वेळाने म्हणाला, "क्लॅरिनेट नाहीये."

"गेला ना रे तो."

"अगं, रेकॉर्डवर नाहीये."

मला चांगली खणखणीत ऐकू येत होती. मी त्याला कानाच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. कान ठणठणीत निघाले. मग डोकंही दाखवून घेऊ या, असं अगदी ओठावर आलं होतं, पण त्याचा चेहरा बघितला आणि त्याला सरळ घरी आणलं.

पुढे व्हायोलिनवाला गेला, अकॉर्डियनवाला गेला. जो जाईल तो आपला सूर घेऊन जायचा. दादा सांगायचा, त्यांच्या जागा मात्र तशाच मोकळ्या राहिल्यात. बाई एक ओळ गाते, व्हायोलिनच्या उत्तरासाठी थांबते, उत्तर येत नाही, आणि ती बिचारी पुढची ओळ घेते. हे सांगताना दादा हातातलं मेण नुसतंच मळत राहायचा.

मग बाई गेली. दादा त्या दिवशी उठलाच नाही. दुपारी त्याला बरं वाटावं म्हणून मी रेकॉर्ड लावली आणि तिथेच खाली बसले. मलाही काही ऐकू येईना. बाई नाही, व्हायोलिन नाही, कुणी नाही. फक्त खालून कुठूनतरी धुम... धुम... रिकाम्या घरात कुणी जाड सपाता घालून या खोलीतून त्या खोलीत जावं तसं. मला कुणी वेडी म्हटलं तरी चालेल. मी ऐकलं ते ऐकलं.

"कपाटवाला," दादा आतून म्हणाला. "तेवढाच उरलाय."

त्यानंतर दादा रोज तेवढंच ऐकायचा. आणि खरं सांगते, त्याला ते आवडायला लागलं. ज्याच्याकडे उभ्या जन्मात ढुंकून पाहिलं नाही, त्याच्यावर माणूस या वयात असा लोभ करायला लागला की मला हसावं की रडावं कळेना. शेवटी मीच म्हटलं, "जाऊन भेटू या तरी." बाईच्या बातमीत त्याच्या गावाचं नाव आलं होतं. बसने गेलो.

दार त्याच्या लेकीने उघडलं. म्हातारा खिडकीशी बसला होता, हात फावड्याएवढे. कोपऱ्यात ते धूड चादर पांघरून उभं होतं. तो बोलायला लागला तसं त्याचं तोंड एका बाजूला ओढलं जायला लागलं. दादाला राहवेना.

"वरची टोचते का हो?"

"फार."

लोक खिशात कंगवा ठेवतात, दादा कानस ठेवतो. म्हाताऱ्याने कवळी काढून मुकाट्याने त्याच्या हातात दिली आणि दादा ती घासत बसला. अनोळखी घरात, ओळख करून द्यायच्या आधी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक मात्र हसत होती.

कवळी बसल्यावर म्हातारा म्हणाला, "तुम्ही बाईचे चाहते असणार. सगळे तिच्यासाठीच येतात."

"मला फक्त तुम्हीच ऐकू येता," दादा म्हणाला.

म्हाताऱ्याने खुर्ची पुढे ओढली. "काय ऐकू येतं?"

"तिसऱ्या गाण्यात बाई श्वास घ्यायच्या, तिथे तुम्ही एक ठोका जादा वाजवता."

"दमा होता तिला," म्हातारा म्हणाला. "लोकांना कळू नये म्हणून मी वेळ काढायचो." मग आपल्या हातांकडे बघत म्हणाला, "जन्म गेला वाजवण्यात, पण हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं."

परतीच्या बसमध्ये दादा खुशीत असेल असं मला वाटलं होतं. तो सरळ म्हणाला, "हा गेला की माझ्याकडे काय गं उरणार?"

हिवाळ्यात तोही गेला. पेपरात अगदी तळाला, दोन ओळी. दादाने रेकॉर्ड लावली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. प्लेअरवर फडकं टाकून ठेवलं. कामात दात वाकडे बसायला लागले, डॉक्टरांकडून कवळ्या परत यायला लागल्या.

"एकदा लावून तर बघ," मी म्हटलं.

"आणि काहीच आलं नाही तर? नुसती फिरणारी तबकडी बघत बसू? नाही जमायचं मला."

इतकं खचलेलं त्याला मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. एका सकाळी तो मेणावर दात बसवत असताना मी त्याला न विचारता फडकं काढलं आणि सुई ठेवली. दादाने डोळे मिटून घेतले. नुसती खरखर. मला वाटलं, केलं मी वाटोळं.

आणि बाई गायला लागली.

ओळ संपली, ती थांबली, आणि व्हायोलिनने उत्तर दिलं. पाठोपाठ क्लॅरिनेट आली, अकॉर्डियन आलं, घर भरून गेलं. आता सगळेच पलीकडे एकत्र जमले होते, एवढंच मला सुचलं. दादा हमसून हमसून रडत होता आणि मी त्याला आवरलं नाही, कारण माझंही तेच चाललं होतं.

अचानक तो उठला. "तो कुठाय?"

मी कान दिला. चौघांच्या गर्दीत कपाटवाला कुठेच नव्हता. दादा घाबराघुबरा होऊन स्पीकरपुढे खाली बसला आणि मेणाने माखलेला हात त्याने लाकडी पेटीवर ठेवला. गाणं पुढे जात राहिलं. तो हलेना. मग त्याने माझा हात धरला आणि तळवा आपल्या हाताशेजारी टेकवला. आत लाकूड धडधडत होतं, सावकाश, न चुकता.

"हा बघ," दादा म्हणाला. "सगळ्यांना धरून बसलाय."