राखाडी सदरा

लेकीच्या बुटाच्या नाडीवर तिने दुसरी गाठ मारली आणि ओढून पाहिली. फ्रॉक नारिंगी, मोजे पांढरे, डाव्या गुडघ्यावर खरचटल्याची खूण. गर्दीत मूल हरवलं तर त्याच्या अंगावर काय होतं ते आईला डोळे मिटून सांगता आलं पाहिजे, असं तिचं ठाम मत होतं.

"मुंगी, हात सुटला तर?"

"हलायचं नाही. मोठं माणूस शोधत येतं," चार वर्षांच्या मुंगीने धडा म्हणून दाखवला.

धडा मूळचा आजोबांचा. ती मुंगीएवढी असताना, बाजारात निघताना ते तिच्याकडूनही तो असाच घोकून घेत. आता ते हॉटेलच्या खोलीच्या दारात तयार होऊन उभे होते.

"कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं.

"छान, बाबा," ती म्हणाली आणि खाली मान घालून दुसऱ्या बुटाकडे वळली.

बाबा शिंपी. जॉकींचे रंगीबेरंगी सदरे शिवण्यात त्यांची हयात गेली, पण त्यातला एकही सदरा घोड्यावर बसून धावताना त्यांनी पाहिला नव्हता. शर्यतींचा मोसम तोच कामाचा मोसम. मशीनवरून उठायला सवड कुणाला? आता मशीनवर चादर पडली होती, आणि जन्मात काही न मागणाऱ्या बाबांनी शर्यतींच्या उत्सवाला जायचा हट्ट धरला होता. ती लगेच हो म्हणाली त्याला आणखीही एक कारण होतं. हल्ली ते एकच गोष्ट दोनदा सांगत. एकदा गॅस तसाच चालू राहिला होता. नवरा म्हणाला, वय झालं की होतंच, तू उगाच राईचा पर्वत करतेस. तिने पर्वत केला नव्हता. राईवर नजर तेवढी ठेवली होती.

शहर लग्नघरासारखं झालं होतं. खिडक्याखिडक्यांतून पताका, बेकरीच्या काचेआड घोड्यांच्या आकाराची बिस्किटं. जुन्या पुलावर बायकांच्या टोप्या एवढ्या रुंद होत्या की दोघी समोरासमोर आल्या की एकीला अंग चोरावं लागे. एका टोपीखाली आपलं अख्खं दुकान मावलं असतं, असं बाबा म्हणाले. वस्तुसंग्रहालयात त्यांनी राजेलोकांची खोगिरं सोडून त्यांखालच्या कापडाची शिवण पाहिली आणि नाक मुरडलं. शर्यत किती वाजता, हे त्यांनी पुलावर विचारलं आणि घड्याळाच्या मनोऱ्याच्या पायऱ्या चढताना पुन्हा विचारलं. तिने दोन्ही वेळा सारख्याच सहजपणे सांगितलं आणि मुंगीचा हात जरा घट्ट धरला.

मैदानाच्या फाटकाशी पितळेचा मोठा घोडा होता. येणाजाणाऱ्या पोरांनी चोळून चोळून त्याचं नाक लखलखीत केलं होतं. बाबांनी मुंगीला उचललं, तिनेही चोळलं, आणि खाली उतरताच शू लागल्याचं जाहीर केलं.

"बाबा, इथेच थांबा हं. हलू नका."

"मी कशाला हलतोय? माझा घोडा इथेच बांधलाय."

स्वच्छतागृहापुढे ही रांग. बाहेर येईपर्यंत पहारेकऱ्यांनी दोर बांधून वाट बदलली होती, आणि गर्दीने दोघींना ढकलत पलीकडून बाहेर काढलं. पितळी घोडा होता. बाबा नव्हते.

तिने घोड्याला प्रदक्षिणा घातली. मग बाबांना फोन लावला. तो तिच्याच पर्समध्ये वाजला. खिसेकापूंच्या धास्तीने सकाळी तिनेच ठेवून घेतला होता. मग मुंगीला कडेवर घेऊन ती धक्के खात चौकशीच्या खिडकीशी पोचली. माईकवरच्या मुलीने सांगितलं की इथे नाव पुकारत नाहीत, नाव ऐकून भलताच कुणी ओळखीचा होऊन पुढे येतो. नुसतं वर्णन सांगा.

वय सांगितलं. उंची सांगितली.

"अंगात काय आहे?"

तिने तोंड उघडलं. मोजे पांढरे, फ्रॉक नारिंगी. पुढे काहीच येईना.

"राखाडी सदरा," ती म्हणाली. बाबा नेहमी राखाडीच घालत.

"विसरतात का?"

"हो," ती खालच्या आवाजात म्हणाली. "हल्ली विसरतात." म्हटल्याबरोबर तिला बाबांची चहाडी केल्यासारखं वाटलं. आणि पुढच्याच क्षणी ती चहाडी कर्ण्यांवरून साऱ्या मैदानभर घुमली.

ती पुन्हा घोड्याशी आली. मुंगीने हात लांबवून त्याचं नाक चोळलं आणि तळवा पाहिला.

"आई, हा तो घोडा नाही. ह्याचं नाक मळकं आहे."

ती बघत राहिली. नाक काळपट होतं. फाटकं दोन होती, घोडेही दोन.

ती पळत सुटली तेव्हा शर्यतही सुटली होती. टापांनी जमीन हादरत होती, सगळं मैदान टाचा उंचावून कठड्याकडे लोटलं होतं. चकाकत्या नाकाच्या घोड्यापाशी एकच माणूस शर्यतीकडे पाठ करून उभा होता आणि येणारा प्रत्येक चेहरा निरखत होता. अंगात नवाकोरा पोपटी सदरा. खांद्यांवर जॉकीच्या असतात तशा पिवळ्या पट्ट्या.

"आलात?" बाबा म्हणाले. "अगं, कुणी म्हातारा हरवलाय बिचारा. राखाडी सदरा आहे, विसराळू आहे म्हणे. मी मघापासून बघतोय, इकडे तरी फिरकला नाही."

तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. हसू नव्हतं. असलंच तर आतल्या बाजूला दुमडून वरून टीप मारलेलं होतं.

"आजोबा, कुठला रंग जिंकला?" मुंगीने विचारलं.

बाबा वळले. घोडे मंदावत लांब निघाले होते.

"अरेच्चा. ते बघायचं राहिलंच की."

"अजून एक शर्यत आहे, बाबा," ती म्हणाली.

"तो सापडला असेल का गं?"

"सापडले. त्यांची लेक आली होती."

"हं. जागचा हलला नसेल, म्हणून सापडला."

पुढच्या शर्यतीला बाबांनी मुंगीला कठड्यावर बसवून कवेत धरलं. ती त्यांच्या मागे उभी राहिली. सदऱ्याचा काठ तिने चिमटीत धरला होता. टीप बारीक होती, सरळ होती, कुठेही उसवलेली नव्हती. लाल, निळे, पांढरे सदरे वाऱ्याने फुगत समोरून गेले. घोडे गेल्यावरही बराच वेळ बाबांनी मान वळवली नाही.

"पोपटी रंग छान दिसतोय, बाबा."

"आता दिसला होय?" मैदानावरची नजर न काढता ते म्हणाले.