गोजराबाईनं न झटकलेली ओटी

या, असे पुढे सरकून बसा. तिकडे खांबाला टेकून कायले बसता? बुवांना यायला अजून अवकाश आहे, मृदंगाला कणीक लावणं चाललंय. तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. उत्तररंगात बुवा राजा-महाराजांची आख्यानं लावतात, ती मला फार गोड लागतात, डोळे भरून येतात. पण हे आख्यान आपल्या जऊळक्याच्या एका मजूर बाईचं आहे, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं आहे.

मोठ्या दुष्काळानंतरचं दुसरं वर्ष. मी प्रेमचंद शेठच्या गोदामात मापारी होतो. पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन, हे माझं काम. चैत्रात तुरीची पोती आली की बारा बाया सुपं घेऊन पाखडायला बसत. त्यांची म्होरकी गोजराबाई. तिच्या सुपातून उतरलेल्या तुरीत खडा शोधून सापडायचा नाही. नवरा दौलतराव दम्यानं बाजेवर, शेत म्हणावं तर मुरमाड दीड एकर. घर तिच्या सुपावर चालायचं. एकादशीच्या कीर्तनाला मात्र ती सगळ्यांच्या आधी हजर, आणि गजरात तिची टाळी कधी चुकायची नाही.

शेठची आई पानाबाई होती तेव्हा तिनं एक रीत लावून दिली होती. काम सुटलं की प्रत्येक बाईनं केरातले मूठभर दाणे ओटीत घ्यायचे आणि जाता जाता स्टेशनच्या वाटेवरच्या वडाखाली पाखरांना टाकायचे. जैनाच्या घरचा दानधर्म असा बायांच्या हातून व्हायचा. म्हातारी गेली, रीत राहिली. ती कुठं लिहून ठेवलेली नव्हती. नव्या माणसाला कळणार कशी?

त्या वर्षी शेठ घरच्यांना घेऊन तीर्थाला गेले आणि कारभार पुतण्या बाबूलालकडे आला. पोरगा शिकलेला, हुशार, सुपारीचंही व्यसन नाही. बाया ओटीत दाणे घेऊन जातात, हे त्यानं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी हुकूम काढला, की संध्याकाळी फाटकाशी एकेकीनं ओटी झटकून दाखवायची. बघायला कोण उभं राहणार? मी.

बाईची ओटी भरतात. चारचौघा पुरुषांसमोर तिला ती झटकायला लावत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का? पण पानाबाईची रीत त्याला न सांगताच मी उभा राहिलो. मान खाली घातली, एवढंच.

एकेक जण झटकून जाऊ लागली. दाणे खाली पडत होते. त्यांतल्या प्रयागबाईला मात्र राहवेना. ‘‘उवा निंगाल्या तं त्याबी तुमच्याच का, बाबूशेठ?’’ बाया हसल्या. बाबूलाल हसला नाही.

गोजराबाईची पाळी आली. ती थांबली.

‘‘बाबूशेठ, इचारलं असतं तं सांगतलं असतं. झटकनार नाई.’’

‘‘चोरी केली नाही, मग भ्यायचं कशाला?’’

‘‘भेव कोनाले हाये? पन ओटी माही हाये.’’ मग माझ्याकडे वळली. ‘‘भाऊ, तुमी तं देवळात माह्यासंगं टाया वाजोता.’’

तिनं सूप भिंतीला टेकवून ठेवलं आणि निघाली. वडाखाली थांबून मूठ टाकली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

बाकीच्या अकरा जणी येत राहिल्या. पोट सगळ्यांनाच आहे, मी त्यांना नावं ठेवत नाही. आणि खोटं कायले सांगू, बाबूलालच्या हुकमानं फायदाही झाला. दोघी-तिघी मुठीऐवजी ओंजळ नेत होत्या, ते थांबलं. तूर वेळेवर रवाना झाली, भाव चांगला आला. गोजराबाई किन्हीराजाच्या वाटेवरच्या शेतांत जाऊ लागली. मजुरी जवळपास निम्मी.

शेठ परतले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. आईची रीत निघाली तसे ते गादीवरून उठले. मग मलाच तिच्याकडे पाठवलं. रोजामागं चार आणे वाढवून देतो, आणि तिनं ओटी झटकायची नाही, असा निरोप.

तिनं ऐकून घेतलं. ‘‘अन् बाकीच्या?’’

बाकीच्यांचं शेठनी काही सांगितलेलं नाही, असं मी म्हणालो.

‘‘मंग चार आने राहू द्या म्हना. झालं ते चुकलं, एवढं त्याच फाटकात बायाइसमोर बोला म्हना.’’

शेठना ते जमेना. पैसा माग, देतो, म्हणाले. पण मजुरांसमोर पुतण्याची मान खाली घातली तर उद्या त्याचं ऐकणार कोण, आणि धंदा चालणार कसा? गोष्ट तिथंच अडली.

भादव्यात संवत्सरी आली. त्या दिवशी जैन माणूस उपास करतो आणि वर्षभरात ज्याला दुखवलं असेल त्याची माफी मागतो. शेठ दरवर्षी व्यापारी आणि सोयऱ्यांच्या घरी जात. त्या वर्षी सगळी घरं झाल्यावर मला म्हणाले, चल. आम्ही गोजराबाईच्या अंगणात उभे राहिलो. दौलतराव बाजेवर उठून बसला. तिनं घोंगडी टाकली, शेठ बसले नाहीत. हात जोडून त्यांनी माफी मागितली.

‘‘म्या कवाच माफ केलं, शेठजी,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या मायनं मले लय जीव लावला. पन म्या तं झटकलीच नाई. त्या अकरा जनी रोज झटकून राह्यल्या. माफी त्यायले मागा.’’

भाव करताना शेठचा चेहरा कसा होतो, हे मी वीस वर्षं पाहिलेलं. तो चेहरा त्या दिवशी नव्हता. 

दुसऱ्या दिवशी काम सुटलं. बायांचे हात सवयीनं ओटीकडे गेले तेवढ्यात शेठ फाटकाशी आले. थांबा म्हणाले.

‘‘बायाहो, हे चुकलं. मले माफ करा.’’

प्रयागबाईला त्या दिवशी टोमणा सुचला नाही. तिनं पदर तोंडाला लावला. मागं उभ्या बाबूलालनं हळूच हात जोडले. मान काही वर केली नाही. त्याच्या मनात काय होतं, ते देवाला ठाऊक. मीही हात जोडले. पाच महिने तिथं मीच उभा राहत होतो.

झडती बंद झाली. पुन्हा एखादी ओंजळ जात असेल, नफा तेवढा कमी होत असेल. शेठनी त्यावर कधी शब्द काढला नाही. गोजराबाईला बोलावणं गेलं, पण ती आली नाही. शेतात आपल्यासंगं निंदणाला येणाऱ्या बाया आता आपल्या भरोशावर आहेत, त्यांना सोडून कशी येऊ, म्हणाली. गेल्या पौषात वारली.

बुवा आले वाटतं. सरका, वाट द्या त्यांना. थोड्या वेळानं बुक्क्याचं ताट तुमच्यासमोर येईल. बुक्का लावून घेताना मनात एकदा आमच्या गोजराबाईचं नाव घ्या.