एका पिवळ्या कार्डाचा फरक

नशिबानं फिरवून फिरवून मास्तरांच्या संघाला अशा जागी आणून उभं केलं होतं की शेवटच्या सामन्यात जिंकायचीही गरज उरली नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं. आणि गप्प बसणं मास्तरांना जन्मात कधी जमलं नव्हतं. शाळेत पीटी शिकवायचे तेव्हा गळ्यातली शिट्टी नुसती शोभेला असायची, काम आवाजच करायचा.

मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाचे ते प्रशिक्षक झाले त्यालाही आता बरीच वर्षं लोटली होती. एवढ्या वर्षांत मुख्य स्पर्धेचं दार संघानं कधी जवळून पाहिलं नव्हतं. या वेळी पाहिलं. पात्रता गटात चार देश. पहिला केव्हाच पुढे गेलेला, चौथ्याचं कुणी नावही काढत नव्हतं. उरली एक जागा, आणि तिच्यावर डोळा ठेवून दोघं, हे आणि शेजारी. गुण सारखे, केलेले गोल सारखे, खाल्लेले गोल सारखे, आपसातला सामनासुद्धा बरोबरीत. अशा वेळी ज्यांची पिवळी कार्डं कमी ते पुढे, असा नियम. यांचं शेजाऱ्यांपेक्षा एक कार्ड कमी होतं. कार्डंही सारखी झाली तर जुन्या क्रमवारीत वरचा असेल तो पुढे, आणि क्रमवारीत शेजारी वर ठाण मांडून बसलेले. दोन्ही सामने एकाच वेळी, दोन वेगळ्या गावांत. शेजाऱ्यांचा गोलाविना बरोबरीत सुटला, तर यांनी गोल न खाता आणि कार्ड न घेता मैदानाबाहेर यायचं, एवढंच काम.

निघताना फुटबॉल मंडळाच्या अध्यक्षांनी मास्तरांना बाजूला घेतलं होतं. ‘‘पोरींना किती वर्षं नुसतं हरायला पाठवायचं, मास्तर? या वेळी पुढे गेलात तर ठीक. नाहीतर हा संघ बंद करतोय आम्ही.’’ ते बोलणं मास्तरांनी फक्त कप्तानाला सांगितलं. कप्तान त्यांची लेक. बाकीच्या पोरी आधीच धास्तावलेल्या, त्यात आणखी भर कशाला.

लेकीच्या उजव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. तिसऱ्यांदा गेला तर खेळणं सोडा, जिना चढतानाही रडाल, असं डॉक्टरांनी साफ सांगितलेलं. ते बापानं ऐकलं, लेकीनं ऐकलं, आणि घरी येऊन दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

‘‘आज हाताची घडी, तोंडावर बोट,’’ कपडे बदलायच्या खोलीत मास्तरांनी बजावलं. ‘‘पंचांनी गाढव म्हटलं तरी ‘हो’ म्हणायचं.’’

‘‘आणि समोरचीनं केस ओढले तर?’’ बचावातल्या पोरीनं विचारलं. ती इतकी तापट की सगळ्या तिला ठिणगीच म्हणत.

‘‘तर दुसऱ्या बाजूचे पुढे कर.’’

पोरी हसल्या. ठिणगी नाही हसली. ‘‘सर, बाकावरच्यांचं कार्डही धरतात म्हणे.’’

‘‘माझी काळजी सोड. मी उठलो की शर्ट धरून खाली बसवायचं, असं बाईंना सांगून ठेवलंय.’’ बाई म्हणजे त्यांच्या सहायक प्रशिक्षक. त्यांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावर फारसा भरवसा नव्हता.

सामना सुरू झाला आणि मास्तरांना कळून चुकलं, की गप्प बसायला सांगणं सोपं आणि बघणं महाकठीण. चेंडू हिसकावायला गेलेल्या पोरी तापल्या तव्याला हात लागावा तसा पाय मागे घेत होत्या. समोर गटातला पहिला संघ, त्यांना काय, मोकळं रानच मिळालं. एक चेंडू खांबाला लागून परत आला, एक गोलकीपरनं बोटांच्या टोकांनी बाहेर काढला. ठिणगीच्या पोटरीवर दोनदा बूट बसला. दोन्ही वेळा ती उठली, दातओठ खात जागेवर गेली, चकार शब्द बोलली नाही. मास्तर मात्र रेषेबाहेर गेलेच. तिथं उभ्या असलेल्या पंचांनी बोट दाखवलं. ‘‘पुन्हा आलात तर कार्ड.’’ मास्तरांनी हात जोडले. पंचाची माफी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मागितली असावी.

शेवटी शेवटी तर त्यांना श्वास घ्यायचीही भीती वाटू लागली. वाढीव वेळ चालू झाला तशी बाईंनी फोनवरून मान वर केली. ‘‘शेजाऱ्यांचा संपला, सर. शून्य-शून्य. कार्डही नाही.’’

म्हणजे एवढी दोन-तीन मिनिटं काढली की झालं. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच.

तेवढ्यात चेंडू बाहेर गेला, आणि लेक पडली. आसपास कुणी नव्हतं. नुसती वळली आणि उजवा गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरून कोसळली. ती किंचाळली ते मास्तरांना प्रेक्षकांच्या गोंगाटातही ऐकू आलं. औषधांची पेटी घेतलेली मुलगी रेषेशी थांबून पंचांच्या खुणेची वाट पाहत होती. मास्तर थांबले नाहीत. बाईंनी शर्ट धरला, तो हातातून सुटला.

तिच्या गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून ते लेकीजवळ बसले. ‘‘कुठं गेलं? सांग, कुठं गेलं?’’

लेकीनं डोळे उघडले. तिचा चेहरा पांढराफटक पडला, पण दुखण्यानं नव्हे. ‘‘बाबा, मला काही झालं नाहीये. मी वेळ काढत होते. मागे जा. पळा मागे.’’

तोवर पंच येऊन उभे राहिले होते. त्यांनी खिशात हात घातला.

कार्डं सारखी झाली. आता बरोबरी कामाची नव्हती, गोलच हवा होता. लेक उठली आणि दोनदा कापलेल्या गुडघ्याची तमा न बाळगता पळत सुटली. तिच्यामागे सगळ्या पळाल्या, गोलकीपरसुद्धा पुढे गेली. दीड तास ज्यांनी पायाला पाय लागू दिला नाही त्या आता अंगावर जात होत्या. वेळ फार थोडा होता. एक चेंडू दांडीवरून गेला, आणि शिट्टी झाली.

कपडे बदलायच्या खोलीच्या दारात मास्तर बराच वेळ उभे होते. आत जायला पाय उचलेना. गेले तेव्हा कुणी मान वर केली नाही.

‘‘चूक माझी,’’ ते म्हणाले.

ठिणगीनं मोजा खाली केला. पोटरी काळीनिळी झाली होती. ‘‘मला वाटलं होतं, आज चुकेन तर मीच चुकेन,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मास्तरांना तो सोसवेना. संघ बंद होणार हे अजून हिला आणि बाकीच्यांना सांगायचं होतं. ते कुठल्या तोंडानं सांगायचं, त्यांना समजत नव्हतं.

लेक कोपऱ्यात गुडघ्यावरची पट्टी सोडत बसली होती. मास्तर तिच्यापुढे खाली बसले. ‘‘गुडघा खरंच बरा आहे ना?’’

तिनं पट्टी गुंडाळून त्यांच्या हातात दिली.

‘‘बरा आहे, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘आता त्याचं काय करू?’’