बाईंचा सूर

"चष्मेवाले, तुम्ही जरा त्या शेजारच्या खुर्चीत बसता का?" चेलोची टोकदार सळई फरशीच्या भेगेत रोवत बेकरीवाला म्हणाला. म्हणाला तेही मान वर न करता.

चष्मेवाल्याला वाटलं, आपल्या खुर्चीचा पाय डुगडुगत असेल. "का? हिला काय झालं?"

"खुर्चीला काय होतंय!" पोस्टमास्तरीण हसल्या आणि लगेच हसू आवरून म्हणाल्या, "आम्ही दोघांनी म्हटलं, पहिलं व्हायोलिन एकदा नव्या बाईंनी वाजवून बघावं. बघायला काय हरकत आहे?"

आम्ही दोघांनी म्हटलं. म्हणजे त्याच्या पाठीमागे बोलणं झालं होतं.

नव्या बाई दाराशीच उभ्या होत्या, पेटी छातीशी धरून. शाळेतले म्हातारे संगीतमास्तर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले, त्यांच्या जागी या आल्या होत्या, शाळेतही आणि इथल्या चौघांतही. "मला कुठलीही खुर्ची चालेल," त्या म्हणाल्या. "दुसरं व्हायोलिन द्या की. मला आवडतं."

हा मोठेपणा तर त्याला जास्तच झोंबला. "नको नको, बसा," असं म्हणून स्टँडवरचे कागद उचलून तो एका खुर्चीने सरकला.

एक खुर्ची म्हणजे काय, हातभर अंतर. पण वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची ही महिन्याच्या पहिल्या रविवारची मैफल सुरू झाली ती त्याच्या हट्टापायी. पोस्टमास्तरणींचा व्हिओला माळ्यावर धूळ खात पडला होता, तो यानेच खाली काढायला लावला. बेकरीवाल्याला पहाटेच्या भट्टीतून उठवून यानेच तालमीला बसवलं. सूर पहिल्या व्हायोलिनचा. दुसऱ्याने त्याच्या खाली सारवण घालायचं, व्हिओलाने भिंती उभ्या करायच्या, चेलोने पाया. इतकी वर्षं घर सगळ्यांनी मिळून बांधलं होतं, पण दारावर पाटी चष्मेवाल्याची होती.

बाईंनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि वाजवायला लागल्या.

त्या वाईट वाजवत्या तर किती बरं झालं असतं! निदान बऱ्यापैकी वाजवत्या तरी चाललं असतं. पण त्या अशा वाजवत होत्या, की वर्षानुवर्षं जी ओळ तो कपाळाला आठ्या घालून, श्वास रोखून पार करायचा, ती त्यांच्या हातून सहज वाहत होती. बेकरीवाल्याचे डोळे मिटले होते. चष्मेवाल्यासाठी त्याने कधी डोळे मिटले नव्हते. उलट आता हा कुठे अडखळतोय म्हणून टक लावून बघत बसायचा.

पुढच्या मैफलीला खुर्च्या कमी पडल्या. लोक खिडकीत बसले. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या चष्म्याच्या दुकानात जो येईल तो चष्मा पुसायला देता देता एकच सांगे, "काय वाजवतात हो बाई! तुम्हाला तर शेजारी बसून ऐकायला मिळतं. नशीबवान आहात."

"आहेच," चष्मेवाला म्हणे, आणि फ्रेमचा स्क्रू गरजेपेक्षा एक आटा जास्त आवळे.

दुकानाच्या मागे काचा घासायची खोली होती. दुपारी दुकान बंद ठेवायच्या वेळात तो तिथे व्हायोलिन घेऊन उभा राहायला लागला. त्या हंगामाच्या शेवटच्या मैफलीसाठी एक मोठी रचना घेतली होती, आणि तिच्या संथ भागात पहिल्या व्हायोलिनला एक लांबलचक, एकटी धून होती. चष्मेवाल्याच्या वाट्याला त्या भागात नुसते लांब लांब स्वर. झोपेतसुद्धा वाजवता येतील असे. तो बाईंची धून बसवत होता. एकेक ओळ घासूनपुसून, काचेवरचा ओरखडा काढावा तशी.

एकदा जेवणाचा डबा घेऊन आलेली बायको दारातच थांबली. तिला स्वरलिपी वाचता येत नव्हती, पण कान तयार होते. इतक्या वर्षांच्या संसारात आणखी काय होणार!

"हे तुमचं नाहीये," ती म्हणाली.

"मग कुणाचं?"

"बाईंचं. परवा तालमीत वाजवत होत्या ते."

"सूर काय कुणाच्या बापाचा असतो?"

"नसतो," डबा टेबलावर ठेवत ती म्हणाली. "पण इतका घाम गाळून दुसऱ्याचं ताट कशाला चाटताय, ते विचारतेय."

त्याने डब्याचं झाकण उघडलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. एकदा, एकदाच, ही धून बाईंपेक्षा चांगली वाजवून दाखवायची होती. कुणाला दाखवायची, ते मात्र ठरलं नव्हतं.

अशातच एके दिवशी नव्या बाई दुकानात आल्या. स्टँडवरचे कागद धूसर दिसतात म्हणाल्या. त्याने नंबर काढला आणि चार फ्रेमी समोर मांडल्या. बाईंनी डाव्या हाताने एक उचलली. उचलता उचलता त्यांची शेवटची दोन बोटं आपोआप आत वळली, तळव्यात घट्ट रुतली, आणि फ्रेम सुटून काचेवर पडली.

"हात ओला होता," बाई म्हणाल्या आणि हात कोटाच्या खिशात घातला.

हात ओला नव्हता. चष्मेवाला पुढचं मोजमाप नीट घेत राहिला. पण आतून त्याला उकळ्या फुटत होत्या. आता त्याला सगळं उमगलं. तालमीत त्या मध्येच थांबून पाणी का मागतात. अवघड जागी भलतीच बोटं का घालतात. त्याला वाटे, ही काहीतरी थोर पद्धत असेल, आणि तीही त्याने घरी करून पाहिली होती! ती पद्धत नव्हती. बाईंची बोटं त्यांना सोडून चालली होती.

संध्याकाळी तो बेकरीत गेला. सांगायचंच, असं ठरवून गेला. उघड सांगायचं नाही, काळजी म्हणून सांगायचं. लोक अशा गोष्टी नेहमी काळजी म्हणूनच सांगतात.

बेकरीवाला पिठाने माखलेल्या हातांनी ट्रे पुसत होता. "बोला चष्मेवाले."

"काही नाही. बाईंबद्दल जरा... म्हणजे, शेवटच्या मैफलीला ती मोठी रचना त्यांना झेपेल ना?"

बेकरीवाल्याने फडकं खाली ठेवलं. "एक बोलू? राग मानू नका. तुमच्या पोटात दुखतंय, हे आंधळ्यालाही दिसतंय. आता तरी मोठं मन करा. गावाला असं माणूस पुन्हा मिळणार नाही."

चष्मेवाला पाव घेऊन परत आला. घरात पाव होताच. तो गप्प बसला तो काही चांगुलपणामुळे नाही. आपण खरं बोललो तरी लोक जळकेपणाच म्हणणार, एवढं त्याला कळून चुकलं, म्हणून बसला.

शेवटच्या मैफलीला वाचनालयाच्या जिन्यावरसुद्धा माणसं होती. पहिला भाग छान झाला. मग संथ भाग आला. चष्मेवाल्याने आपला पहिला लांब स्वर धरला, आणि शेजारून बाईंची धून निघाली. सभागृह इतकं शांत, की खालच्या रस्त्यावरून सायकल गेलेली ऐकू आली.

धून वर चढायला लागली. चष्मेवाल्याची नजर कागदावर नव्हतीच, बाईंच्या डाव्या हातावर होती. दोन बोटं थरथरली. मग वळली. गज तारेवर नुसता घासला गेला, आणि सुराच्या जागी एक भोक पडलं. बेकरीवाल्याने डोळे उघडले.

बाईंनी चष्मेवाल्याकडे पाहिलं की नाही, हे त्याला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही. पाहिलं असावं. की आपणच संधीची वाट बघत बसलो होतो? त्याने आपला लांब स्वर टाकला, आणि जिथे बाई थांबल्या होत्या तिथून धून उचलली.

क्षणभर खाली काहीच नव्हतं. मग त्याला ऐकू आलं, की त्याने टाकलेले लांब स्वर कुणीतरी धरलेत. बाईंनी. त्या स्वरांना दोन बोटं पुरत होती. त्या समोर बघत होत्या, पाठ ताठ, जणू असंच ठरलं होतं. चौघांचं घर डळमळलं, पण पडलं नाही. चष्मेवाला ती धून शेवटपर्यंत घेऊन गेला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने वाजवताना श्वास रोखला नाही.

शेवटचा भाग बाईंनी कसाबसा, वरचे स्वर गाळत पार पाडला. टाळ्या झाल्या, पण त्यात कुजबुज मिसळलेली होती.

पुस्तकांच्या कपाटांमागच्या बोळात बाईंनी त्याला गाठलं. "चष्मेवाले, तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?"

"हो."

"मग कुणाला बोलू नका. नोकरीची अजून थोडी वर्षं आहेत. मुलांना शिकवायला मला दोन बोटंही पुरतात. पण एकदा का बाईंचा हात गेला असं झालं, की आईबाप पोरं काढून घेतील."

"नाही बोलणार," तो म्हणाला.

आभार मानायला त्यांना वेळच मिळाला नाही, कारण तेवढ्यात बेकरीवाला आला. चेहरा भट्टीसारखा लाल. "अहो, लाज कशी वाटली नाही? भर मैफलीत! तोंडचा घास काढून घ्यावा तसा बाईंचा सूर काढून घेतलात!"

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "असं नाहीये, ते—" त्यांनी सुरुवात केली.

"तुम्ही यांची बाजू घेऊ नका, बाई. तुमचं मन मोठं आहे, आम्हाला ठाऊक आहे."

चष्मेवाला व्हायोलिन पुसून पेटीत ठेवत राहिला. एक वाक्य बोललं असतं तर सगळं निस्तरलं असतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलं, चावून चावून त्याचा चोथा झाला, आणि त्याने ते गिळलं.

गावाने निकाल लावून टाकला. पुढच्या हंगामात जरा विश्रांती घ्या, असं पोस्टमास्तरणींनी त्याला मृदू शब्दांत सुचवलं. बाईंनीही मान धरल्याचं निमित्त सांगून मैफल सोडली. त्याचंही खापर त्याच्याच डोक्यावर फुटलं. हा शेजारी बसून जीव खात होता, कंटाळल्या बिचाऱ्या. दुकानात लोक येत, पण गप्पा मारायला थांबेनासे झाले.

बायकोने मात्र त्याच दिवशी, घरी जाताना विचारलं होतं. "त्यांचा हात अडकला ना?"

तो चालायचा थांबला. "तुला कसं कळलं?"

"मी तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते." ती पुन्हा चालायला लागली. "एक खरं सांगा. त्यांना वाचवायला वाजवलंत, की हिसकावून घ्यायला?"

"ठाऊक नाही गं," तो म्हणाला. "दोन्ही असेल."

"असू दे," बायको म्हणाली. "वाजवलंत चांगलं."

पावसाळा सरून गेल्यावर एका दुपारी बाई दुकानात आल्या. चष्मा नाकावरून घसरतो म्हणाल्या. त्याने पॅड बदलून दिले. तरी बाई उठेनात.

"ती धून तुम्ही किती दिवस बसवत होतात?"

"सगळा हंगाम."

"का?"

खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तुमच्यापेक्षा चांगली वाजवायची होती."

बाईंनी त्यावर मनापासून विचार केला. "नाही झाली," त्या म्हणाल्या. "पण वर चढून परत उतरतानाची ओळ... ती मला कधी तशी जमली नव्हती. पुन्हा वाजवाल?"

त्याने मागच्या खोलीत त्यांच्यासाठी स्टूल पुसलं. घासायच्या यंत्राशेजारी उभं राहून त्याने धून सुरू केली. बाईंनी दोनदा थांबवलं. इथे घाई करताय, इथे उगाच रडताय. तिसऱ्यांदा त्यांनी थांबवलं नाही. तो वाजवत गेला. ती उतरणीची ओळ आली तेव्हा त्याचं त्यालाच कळलं, की आज झाली. कुणाची तरी बरोबरी म्हणून नव्हे, नुसतीच झाली.

शेवटचा स्वर विरला, आणि बाहेर दुकानात कुणीतरी खाकरलं.

बाई आधी बाहेर गेल्या. काउंटरपाशी पोस्टमास्तरीण उभ्या होत्या, हातात काडी निसटलेला चष्मा, डोळे भरलेले. "बाई! मी बाहेर पायरीवरच उभी राहिले, आत यायचं धाडसच होईना. मान बरी झाली म्हणायची तुमची! रस्त्यावरूनच ओळखलं मी. असा सूर या गावात दुसरं कोण काढणार?"

बाईंनी तोंड उघडलं. मागे वळून त्यांनी दाराकडे पाहिलं.

चष्मेवाला दारात उभा होता. व्हायोलिन तो आतच ठेवून आला होता. इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल कुणी असं काही म्हटलं नव्हतं, आणि हे शब्द तर त्याच्यादेखत, चालत येऊन, दुसऱ्याच्या ओंजळीत पडले होते. वाजवत होतो तो मी, हे त्याच्या जिभेवर आलं. त्याने ते तिथेच राहू दिलं.

"खरंय," तो म्हणाला. "दुसरं कोण काढणार?"

मग त्याने हात पुढे करून पोस्टमास्तरणींच्या हातातला चष्मा घेतला, दिव्याखाली धरला, आणि निसटलेल्या काडीसाठी जुळेल असा स्क्रू शोधायला लागला.