दाढीच्या फेसाने मला वाचवलं

मित्रांनो, मी एक जुना जोड आहे. घरामागच्या छोट्या पोहण्याच्या तलावातून येणारा पाइप जिथे पंपाला मिळतो, तिथे माझं ठाणं. पाइपाची दोन टोकं, त्यांना धरून ठेवणारा आट्यांचा मोठा नट आणि पोटात रबराचं काळं कडं, एवढाच माझा संसार. पहिली कित्येक वर्षं घरची मुलं तलावात धुडगूस घालत आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. गळत नाही त्या जोडाकडे कोण बघणार? आमच्या धंद्यात दुर्लक्ष हीच शाबासकी.

मुलं मोठी होऊन पांगली. मग एके दिवशी मुलांची आत्या राहायला आली. पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी रोज पाण्यात चालायला सांगितलं होतं. जमिनीवर तिला दोन काठ्या लागत, पाण्यात मात्र ती काठीशिवाय अकरा पावलं टाकायची आणि ओरडायची, "दादा, मोजलीस का रे?"

नेमकं तेव्हाच माझं कडं वाळलं. फटीतून हवा आत शिरू लागली, पंपाला धाप लागली, पाणी फिरेना आणि तलाव हिरवा पडू लागला. आत्याचं चालणं थांबलं. मला फार अपराधी वाटायचं.

दादा म्हणजे तिचा भाऊ, मुलांचा बाप. मनाने मोठा, पण धीराने थोडा. त्याने नट उघडून माझ्या आट्यांवर पांढऱ्या पट्टीचे सात वेढे दिले आणि नट पुन्हा बसवून करकचून आवळला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! अहो, पाणी आटे अडवत नाहीत, पोटातलं कडं अडवतं. पट्टीमुळे उलट नट पुरता बसेचना.

दोन प्लंबर येऊन गेले. दादा त्यांना पंप चालू करून दाखवायचा आणि मी ठणठणीत कोरडा! चालू पंप हवा आत ओढतो, मग पाणी बाहेर कसं येणार? दोघांनी मला आणखी पिळलं आणि ते निघून गेले. शेवटी दादा वैतागला.

"रविवारी मातीची गाडी बोलावलीय. बुजवून टाकू तलाव."

 आत्या रोज माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागली.

शनिवारी सकाळी तिसरी प्लंबर आली, एक ठेंगणी बाई. तिने आधी पंप बंदच ठेवला आणि विचारलं, "गळतं कधी?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"सारखंच," दादा म्हणाला.

"नाही हो," आत्या म्हणाली. "पंप बंद केला की दहा मिनिटांत खाली तळहाताएवढं ओलं होतं. मी बघत बसते ना."

"मग दाढीचा फेस आणा," बाई म्हणाली.

"माझा?" दादा गालावरून हात फिरवत राहिला.

बाईने मला फेसाने माखलं आणि पंप चालू केला. एका जागी फेसाला खळगा पडला आणि बघता बघता तो आत ओढला गेला.

"हा बघा चोर!"

तिने पंप थांबवला, पाणी बंद केलं, सातही वेढे सोलले आणि चपटं झालेलं कडं काढलं. खाच पुसली, नव्या कड्याला वंगण लावून ते बसवलं. दादा धावत पाना घेऊन आला.

"ठेवा तो. हाताने पुरतं."

बाईने हातानेच नट आवळला आणि पाणी सोडून पंप चालू केला. पंपाच्या काचेच्या झाकणाखाली पुष्कळ बुडबुडे दिसले, मग थोडे, मग एकही नाही. पंप बंद केल्यावर आत्याने माझ्याखाली तळहात धरला. दहा मिनिटं तिने तो हलवला नाही.

"कोरडं आहे, दादा."

दादाने लगेच फोन लावला. "माती नको. नाही, पुढच्या रविवारीही नको!" मित्रांनो, इतकं हलकं मला नवा असतानाही वाटलं नव्हतं.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. आमच्यापैकी कुणी गळू लागला तर आधी आवळत सुटू नका. तो कधी गळतो ते बघा, आणि जो जवळ बसून बघतो त्याचं ऐका.

आठवड्यात पाणी नितळ झालं. आज आत्या बाराव्या पावलाला जरा डगमगली. दादाने झेप घालून तिचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"अरे, आवळू नकोस," ती हसत म्हणाली. "नुसता हात पुढे ठेव."

दादाने हात पुढे ठेवला. तिने तेरावं पाऊल टाकलं.