राखणदाराचं बिस्किट

यंत्रं अडकतात. माणसंही अडकतात, पण यंत्रांसाठी त्यावर उपाय निघालेला आहे. यंत्राच्या पोटात एक चिमुकलं घड्याळ बसवतात, त्याला वॉचडॉग, म्हणजे राखणदार कुत्रा, म्हणतात. यंत्राने दर तीस सेकंदांनी त्याला कळवायचं, की बाबा रे, मी शुद्धीवर आहे. नाही कळवलं, तर हा राखणदार चौकशीच्या भानगडीत न पडता यंत्राची मानगूट धरतो आणि त्याला पहिल्यापासून सुरू करतो. या कळवण्याला ऑफिसात 'बिस्किट घालणं' म्हणत.

हे घड्याळ हाताळणारा प्रोग्राम, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, लिहिण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळे काका म्हणत. काका बावन्न वर्षांचे होते आणि गेले आठ महिने एकटे होते. बायको गेल्यावर थोरल्या बहिणीने त्यांना एकच अट घातली होती.

"रोज नऊच्या आत मला तुझा मेसेज पाहिजे. नाही आला तर मी मिळेल ती गाडी पकडून येणार, घराला कुलूप घालणार आणि तुला आमच्याकडे नेणार. कळलं ना धाकट्या?"

काकांना ताईकडे राहायला जायचं नव्हतं. तिथे ताईचे यजमान जेवताना बातम्या मोठ्याने वाचत. शिवाय तिथे येणारा-जाणारा 'कसं वाटतंय' विचारणार, आणि काकांना तर काहीच वाटत नव्हतं. नसलेली गोष्ट रोज चार लोकांना समजावून सांगायची म्हणजे कटकट.

पहिले नऊ दिवस त्यांनी स्वतःच्या बोटांनी 'ठीक आहे' लिहिलं. दहाव्या दिवशी एक छोटा प्रोग्राम लिहून ते काम त्याच्या गळ्यात घातलं. तो आठ ते पावणेनऊच्या दरम्यान कधीतरी मेसेज धाडी; रोज एकाच ठोक्याला गेला असता तर ताईला वास लागला असता. कधी 'ठीक आहे', कधी नुसतं 'ठीक', आणि रविवारी 'मजेत'.

चष्म्याच्या दुकानातही असलाच एखादा प्रोग्राम असावा. दर महिन्याच्या तीन तारखेला बायकोच्या फोनवर मेसेज येई, की आपला चष्मा तयार आहे, कृपया घेऊन जावा. काका तो फोन न चुकता चार्ज करत. कशासाठी, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं.

एका मंगळवारी टेस्टरबाई त्यांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काका, बाहुली गार पडलीय."

ऑफिसात नवजात बाळांना ऊब देणारी पेटी तयार होत होती. तपासणीसाठी तिच्यात टोपडं घातलेली एक रबरी बाहुली ठेवलेली असे. काकांनी जाऊन पाहिलं. पडद्यावर साडेछत्तीस अंश. दिवा हिरवा. बाहुलीच्या पाठीला हात लावला तर ती टेबलाइतकीच गार.

"कधीपासून?"

"कालपासून असेल. दिवा हिरवा म्हटल्यावर कोण हात लावून बघतंय? मी पुसायला उघडली म्हणून कळलं."

"राखणदाराने रीसेट नाही केलं?"

"कुत्रा तुमचा, काका. तुम्ही सांगा."

काकांनी प्रोग्राम उघडला. तापमान मोजून हीटर चालवणारा मुख्य प्रोग्राम आदल्या दुपारीच अडकून पडला होता. पडद्यावरचा आकडा तेव्हाचा होता. बिस्किटं मात्र ठरल्या वेळी जात होती, कारण ती मुख्य प्रोग्राम घालतच नव्हता. ड्रायव्हरमधला एक वेगळा टायमर परस्पर घालत होता.

"हा शहाणपणा कोणाचा?" बाईंनी विचारलं.

"माझा."

त्याचं असं झालं होतं, की पेटी सुरू व्हायला चाळीस सेकंद लागत आणि राखणदार थांबे तीस. त्यामुळे ती उठता उठताच पुन्हा आडवी होई. मुख्य प्रोग्राम जागा होईपर्यंत बिस्किटं टायमरने घालावी आणि मग डबा त्याच्या हाती द्यावा, असा काकांचा बेत होता. पहिला अर्धा त्यांनी लिहिला. डबा हाती द्यायचा राहिला. पेटी उठायला लागली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. बदलाची तारीख काकांनी पाहिली. बायको गेल्यानंतर कामावर आल्याचा तो दुसरा दिवस होता.

"म्हणजे आत सगळं बंद पडलं तरी हा बाहेर आपला ठीक आहे, ठीक आहे," बाई म्हणाल्या.

काकांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी राहिलेला अर्धा लिहिला. टायमरला फक्त पहिलं एक मिनिट. त्यानंतर बिस्किट मुख्य प्रोग्रामनेच घालायचं, तेही तापमान खरोखर मोजून झाल्यावर आणि हीटर तपासल्यावर.

मग बाईंनी मुद्दाम मुख्य प्रोग्राम अडकवून ठेवला. दोघं पडद्याकडे बघत उभी राहिली. तिसाव्या सेकंदाला पडदा काळा झाला आणि पेटी नव्याने उठू लागली.

"चावला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बाहुलीचं टोपडं सारखं केलं. "काका, जेवलात का?"

"भूक नाही."

"नाही, की कळत नाही?"

काकांनी विचार केला. "तपासलं नाही," ते म्हणाले.

संध्याकाळी घरी त्यांनी मेसेजचा प्रोग्राम उघडला. त्याचीही तशीच दुरुस्ती करावी म्हणून अटी लिहायला घेतल्या. जेवण. झोप. कोणाशी तरी दोन वाक्यं. तिन्हींवर नजर टाकली, तर या अटींवर आठ महिन्यांत एकही मेसेज गेला नसता. त्यांनी प्रोग्राम पुसून टाकला.

सकाळी ते फोन पुढ्यात घेऊन बसले. 'ठीक' लिहिलं, खोडलं. नऊ वाजले. नऊ वाजून एक मिनिटाने फोन वाजला.

"काय रे, आहेस का?"

"आहे."

"मग मेसेज?"

"आजवरचे मी पाठवत नव्हतो, ताई. प्रोग्राम पाठवायचा."



"रविवारचं 'मजेत'?"

"तेही."

"तरीच. जन्मात कधी मजेत म्हणाला नाहीस तू." मग बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. "मी निघतेय."

नको म्हणायला काकांनी तोंड उघडलं.

"तिचा चष्मा दुकानात पडलाय," ते म्हणाले. "तयार होऊन आठ महिने झाले. आणायचा राहिलाय."

चेनचा आवाज थांबला. ताईचा आवाज खाली आला.

"दुकान कुठे आहे?"

"बसथांब्यासमोर."

"साडेबारापर्यंत पोचते. दोघं जाऊ. कुलपाचं मग बघू. तोवर काहीतरी खा."

काकांनी फोन ठेवून फ्रिज उघडला. दोन अंडी होती. वरून चांगली दिसत होती. नासकी म्हणून तरंगतात की ताजी म्हणून बुडतात हे पाहायला त्यांनी पातेल्यात पाणी घेतलं.