खत न घातलेला वाफा

मी कंट्रोलचा वाफा बोलतोय. नाही कळलं? कुणालाच कळत नाही, म्हणून तर पुढचं सगळं रामायण घडलं.

कृषी महाविद्यालयाच्या मागे प्रयोगाची शेतं आहेत. गव्हाला खत किती द्यावं, हे तिथं शोधतात. एका वाफ्याला थोडं, दुसऱ्याला जास्त, तिसऱ्याला त्याहून जास्त. आणि मला काहीच नाही! पाणी सगळ्यांबरोबर मिळतं, खताचा मात्र दाणाही नाही. मी उपाशी राहिलो तरच शेजाऱ्यांनी खाल्लेलं अंगी लागलं की नाही ते कळतं म्हणे. जेवण त्यांचं आणि उपास माझा.

बरं, त्याचं कौतुक तरी? नाव नको. विद्यार्थी येतात, हिरव्यागार शेजाऱ्यांपुढे उभे राहून फोटो काढतात आणि चपलांचा चिखल माझ्या बांधावर पुसतात. उंची मोजायला पाठवलेले दोन महाभाग तर झाडाखाली बसूनच "लिही चाळीस, लिही बेचाळीस" करून मोकळे होतात.

एक पोरगी तेवढी वेगळी निघाली. हा प्रयोग तिचाच होता. तो पार पडला की पदवी. गुडघे टेकून, पट्टी लावून ती माझं एकेक पिवळं पान मोजायची. माझ्याकडे बघून खूश होणारी ती एकटीच.

एकदा तिचे वडील भेटायला आले. स्वतः शेतकरी, त्यामुळे लेकीचं शेत बघायची भारी हौस. ती तासाला बसली होती. हे एकटेच बांधावरून हिंडले आणि माझ्यापाशी येऊन थबकले.

"अरेरे! पोरीच्या हातून हा राहिलाच की. सर रागावतील ना तिला."

झालं! शेडमधून ओंजळ भरून युरिया आणला आणि दिला माझ्यावर फेकून. माझ्यासारखे आणखी दोन उपाशी वाफे पलीकडे होते, तेही त्यांनी बरोबर शोधून काढले. वर लेकीला ओशाळं वाटू नये म्हणून तिला एका शब्दानं बोलले नाहीत. अशा प्रेमापुढे काय डोकं आपटायचं, सांगा!

खोटं कशाला बोलू, पोट भरलं तेव्हा बरं वाटलं. आठ-दहा दिवसांत मी हिरवागार झालो. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यापुढे उभं राहून फोटो काढला. आणि ती पोरगी मला बघून मटकन खाली बसली आणि रडायला लागली. अगं, मी इतका देखणा कधीच नव्हतो!

सर आले, बघितलं, म्हणाले, "कंट्रोलच गेला, आता तुलना कशाशी करणार? पुढच्या हंगामात पुन्हा पेर."

म्हणजे वर्ष गेलं. मैत्रिणी पदवी घेऊन जाणार आणि ही इथंच. नेमका तेव्हाच वडिलांचा फोन. आवाज एवढा खणखणीत की मलाही ऐकू आला.

"काय गं, हिरवा झाला का तो वाफा?"

ती डोळे पुसत म्हणाली, "झाला, पप्पा. छान झाला." सरांनी कपाळावर हात मारून घेतला.

यंदा पुन्हा पेरणी झाली. वडील पुन्हा आले, मला पुन्हा पिवळा बघितला आणि त्यांचे हात शिवशिवले. तेव्हा मात्र तिला सगळं सांगावंच लागलं. ती पुढे निघून गेली आणि हे एकटेच मागे वळले. म्हटलं, आली पुन्हा ओंजळ! पण त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते.

"पोरीचं होऊ दे," ते हळूच म्हणाले. "तेवढं उपाशी राहा रे."

इतक्या वर्षांत माझी विचारपूस करणारं एक माणूस भेटलं, तेही उपाशी राहा म्हणून सांगून गेलं! राहतोय. न राहून करतो काय? कापणी आता तोंडावर आली आहे. तुम्ही इकडे आलात तर माझी खुशाल कीव करा, पण बांधावरूनच करा आणि हात खिशात ठेवा.